जुनी स्पोर्ट टूरर घेताय? आधी इंजिनाला हात लावून बघा

(ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलता बोलता झालेले 'ॲक्च्युअली' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या आठवड्यात धुळ्याहून एका मित्राची व्हॉइस नोट आली. "दादा, चारशे सीसीची टूरर बघितली. २०१९ चं मॉडेल, बावीस हजार रीडिंग, एकदम चकाचक. मालक म्हणतो आजच टोकन दे, नाहीतर उद्या दुसरा घेऊन जाईल. देऊ का?"

मी त्याला एकच उलटा प्रश्न विचारला. तू पोचलास तेव्हा इंजिन थंड होतं की गरम? तो म्हणे, "गरम होतं ना. भाऊने माझ्यासाठी आधीच चालू करून ठेवली होती."

आजचा भाग या एका उत्तरावर आहे. कारण हीच चूक मी स्वतः केलीय.

माझी फजिती

पहिल्या नोकरीचे पैसे साठवून मी जळगावातून एक सेकंडहँड गाडी घेतली होती. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक कंपनीची नव्हती. मी गेलो तेव्हा गाडी गरम होती. मला वाटलं, माणूस किती चांगला, आपली वाट बघत गाडी तयार ठेवली. दहा मिनिटं हायवेला फिरवली, लोण्यासारखी पळाली. पैसे दिले.

मग आला मे महिना. चाळीसगावचं लग्न उरकून पप्पांना मागे बसवलं आणि संभाजीनगरकडे निघालो. कन्नड घाटात ट्रक बंद पडलेला, गाड्यांची रांग लागलेली. पंधरा मिनिटांत तापमानाचा काटा वर, मग लाल दिवा, आणि मग उकळतं कुलंट बाहेर. थोडं पप्पांच्या पायावर उडालं. पप्पा काहीच बोलले नाहीत, रस्त्याच्या कडेला बसून पाण्याच्या बाटलीने पाय धूत राहिले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

नंतर मिस्तरीने गाडी उघडली. आधीच्या मालकाने फॉग लाइट लावताना वायरिंग कापलं होतं आणि त्यात रेडिएटरच्या पंख्याची वायरही गेली होती. पंखा कधीचाच बंद. हेड गॅस्केट उडालं. गाडीच्या किमतीच्या जवळपास तिसरा हिस्सा दुरुस्तीत गेला.

आता विचार करा, टेस्ट राइडला हे का नाही कळलं? कारण हायवेला ऐंशीच्या स्पीडला रेडिएटरला वाऱ्यानेच थंडावा मिळतो, पंख्याची गरजच पडत नाही. म्हणजे लांब पल्ल्याच्या गाडीचा दोष ती पळताना लपतो आणि उभी राहिली की उघडा पडतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये म्हणतात तसं, बग कोणत्या परिस्थितीत येतो ते कळलं नाही तर टेस्टिंगला अर्थ नाही.

कुठल्या गाड्यांबद्दल बोलतोय?

स्पोर्ट टूरर म्हणजे थोडी पुढे झुकलेली बैठक, पुढे काच किंवा फेअरिंग, आणि दिवसभर चालवली तरी पाठ मोडू नये अशी गाडी. खरी मोठी टूरर म्हणजे कावासाकी निंजा १००० सारखी चार सिलिंडरची. पण आपल्या बजेटमध्ये जुन्या बाजारात जास्त करून हिरो होंडाची करिझ्मा (२००३ मध्ये आली, २२३ सीसी), होंडा सीबीआर २५०आर (२०११) आणि बजाज डॉमिनार ४०० (डिसेंबर २०१६, ३७३ सीसी) मिळतात. जुनी करिझ्मा आणि सीबीआर २५०आर यांचं उत्पादन थांबलंय, म्हणून त्या घेताना फेअरिंगचे आणि बॉडीचे पार्ट मिळतात का, हे पार्टवाल्याला आधी विचारा.

डॉमिनारमध्ये आणखी एक गंमत आहे. २०१९ मध्ये तिच्यात मोठा बदल झाला. पुढे उलटे म्हणजे यूएसडी शॉकअप आले आणि ताकद ३५ वरून ४० पीएस झाली. त्यामुळे '२०१९ मॉडेल' ऐकून भाव ठरवू नका. आरसीवर उत्पादनाचा महिना बघा. २०१८ अखेरीला बनलेली गाडी २०१९ मध्ये पासिंग झालेली असू शकते.

पायरी पहिली: थंड इंजिन

मालकाला आदल्या दिवशीच सांगा, "भाऊ, मी सकाळी येतो, गाडी चालू करू नका." पोचल्यावर हाताची मागची बाजू इंजिनाजवळ न्या. गरम लागलं तर चहा प्या, गप्पा मारा, दोन तास थांबा. मालक चिडला तर तेच उत्तर समजा.

थंड असताना ही कामं करा:

१. कुलंटच्या टाकीत लेव्हल आणि रंग बघा. नुसतं पाणी किंवा गंजाचा रंग असेल तर आतून रेडिएटर खराब व्हायला सुरुवात झालेली असू शकते. रेडिएटरचं झाकण फक्त थंड असतानाच उघडायचं, गरम असताना कधीच नाही.

२. ऑइलच्या काचेतून बघा. दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर ऑइलमध्ये पाणी जातंय. तिथूनच परत फिरा.

३. चावी ऑन केल्यावर चेक इंजिन आणि एबीएसचे दिवे लागले पाहिजेत. लागलेच नाहीत तर कोणीतरी दिवाच बंद करून ठेवलाय. इंजिन चालू झाल्यावर चेक इंजिनचा दिवा जायला हवा, आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर एबीएसचा.

४. मग सेल्फ मारा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. थांबतच नाही असा पांढरा धूर, त्यात गोडसर वास, म्हणजे कुलंट आत जातंय. हिवाळ्यात सकाळी सुरुवातीला थोडी वाफ येते, तिला घाबरू नका.

पायरी दुसरी: गाडी उभी ठेवून तापवा

ही पायरी खान्देशात सोडायची नाही. उन्हाळ्यात आपल्या जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ पर्यंत जातो. गाडी जागेवर चालू ठेवा आणि काटा बघत राहा. ठरावीक तापमानाला पंखा आपोआप सुरू झाला पाहिजे, आणि त्यानंतर काटा थांबला किंवा खाली आला पाहिजे. पंखा आला नाही तर लगेच इंजिन बंद करा. मालक म्हणेल, "हायवेला काही प्रॉब्लेम नाही." बरोबर आहे, पण सिग्नलला आणि घाटात आहे.

रेडिएटरची जाळीही टॉर्च मारून बघा. काळ्या मातीचा चिखल बसून जाळी बुजलेली असते. धुऊन निघते, पण आडव्या झालेल्या पात्या आणि गळती बघून घ्या. करिझ्मासारख्या हवेवर थंड होणाऱ्या गाडीला हा पंखा नसतो, तिथे ऑइलची लेव्हल आणि इंजिनाचा आवाज यांच्यावर जास्त लक्ष द्या.

पायरी तिसरी: पडली आहे का?

आमचा मिस्तरी एका नजरेत सांगतो, "हाई गाडी पडेल शे." कसं? तो रंगाकडे बघतच नाही. हँडलची टोकं, क्लच-ब्रेकच्या दांड्यांची टोकं, फुटरेस्ट, सायलेन्सर आणि इंजिनाचं कव्हर बघतो. एकाच बाजूला हे सगळं घासलंय किंवा एकाच बाजूचं सगळं नवं आहे, म्हणजे गाडी त्या बाजूला पडली.

उभ्या उभ्या पडलेली गाडी चालते. समोरून धडकलेली नाही चालत. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि ते जिथे अडतं तो स्टॉपर बघा. तो चेपलेला किंवा वेल्डिंग केलेला असेल तर गाडी सोडा. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा, मध्यावर खटका लागला तर बेअरिंग गेलंय. शॉकअपच्या दांड्यांवर तेलाचा ओघळ असेल तर सील गेलं.

टायर, चेन, ब्रेक

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी पाच-सहा वर्षांचं, उन्हात उभं राहिलेलं रबर कडक होतं. बाजूला बारीक तडे दिसले तर टायर बदलायचाच. सरळ हायवेला जास्त पळालेल्या गाडीचा टायर मध्यावर सपाट होतो, मग वळणावर गाडी झुकताना अडखळल्यासारखी वाटते.

मागच्या स्पॉकेटवरची चेन मागे ओढून बघा. दाताचा अर्धा भाग उघडा दिसला तर चेन-स्पॉकेटचा सेट गेला. ब्रेक डिस्कच्या कडेला नखाने बघा, उभा काठ लागला तर डिस्क झिजलीय. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. ब्रेक ऑइल काळपट असेल तर बदलायचा खर्च धरा.

आणि एबीएस. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं झालं. त्याआधीच्या डॉमिनार आणि सीबीआर एबीएससह आणि एबीएसशिवाय, दोन्ही मिळायच्या. भाव करताना कुठली आहे ते बघा.

वायरिंग आणि रीडिंग

सीट उचला. कापलेल्या, चिकटपट्टी गुंडाळलेल्या वायरी दिसल्या तर माझी गोष्ट आठवा. साधा मल्टिमीटर घेऊन जा. गाडी बंद असताना बॅटरी साधारण साडेबारा व्होल्ट, चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा. चालू असतानाही वाढत नसेल तर चार्जिंगमध्ये दोष आहे.

रीडिंगवर आंधळा विश्वास नको. बारा हजार रीडिंग आणि फुटरेस्टचं रबर गुळगुळीत, ग्रिप झिजलेल्या, हे जमत नाही. सर्व्हिसची बिलं मागा, त्यावर तारीख आणि किलोमीटर असतात. वेळेवर सर्व्हिस झालेली चाळीस हजारांची टूरर ही दोन वर्षं अंगणात उभ्या असलेल्या दहा हजारांच्या गाडीपेक्षा केव्हाही बरी.

चालवून बघताना

हेल्मेट घालूनच. धुळ्यात असाल तर लळिंग घाटापर्यंत, जळगावात असाल तर नशिराबादकडे. किमान वीस मिनिटं चालवा. हँडलची पकड सैल ठेवा, हात सोडू नका, गाडी एका बाजूला ओढते का बघा. वरच्या गिअरमध्ये एकदम रेस द्या. इंजिनाचा आवाज चढला पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. मोकळा रस्ता बघून, मागे कोणी नाही याची खात्री करून जोरात ब्रेक दाबा. परत आल्यावर गाडी उभी करा आणि पंखा पुन्हा तपासा. खाली तेलाचा थेंब पडतो का तेही बघा.

कागद: इथे घाई केली तर संपलं

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी जुळवा. एमपरिवहन ॲपवर इन्शुरन्स, पीयूसी आणि बँकेचा बोजा बघा. चलान वेगळं तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे नाही.

नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, ज्यांना आपण टीटी फॉर्म म्हणतो. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. "सही करून देतो, नंतर कर" म्हणणाऱ्याला २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगा, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. गाडी विकली तरी नोंदीत ज्याचं नाव आहे त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते. म्हणजे घाई त्यालाही असायला हवी.

आपण सीमेवरचे लोक. सुरतची जीजे ०५ किंवा इंदूरची एमपी ०९ स्वस्तात मिळते. पण ती इथे कायम ठेवायची तर फॉर्म २८ ची एनओसी, महाराष्ट्रात नवी नोंदणी आणि इथला रोड टॅक्स हे सगळं आलं. तो खर्च मिळवून मग तुलना करा, बऱ्याचदा आपली एमएच १८ किंवा एमएच १९ च परवडते.

इन्शुरन्सचंही बघा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. २०१९ च्या गाडीचा तो संपलेला असणार, पुढे काढलाय का ते विचारा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.

शेवटचा हिशोब

मालक सांगतो ती गाडीची पूर्ण किंमत नसते. तिच्यात दोन टायर, चेन सेट, पूर्ण सर्व्हिस, इन्शुरन्स आणि ट्रान्सफर मिळवा, मग जो आकडा येईल त्यावर घासाघीस करा. खिशातले सगळे पैसे गाडीत घालू नका, पहिल्या महिन्याचा खर्च बाजूला ठेवाच.

तर धुळ्याच्या भावाचं काय झालं? त्याने मालकाला सांगितलं, सकाळी सातला येतो, गाडी थंड ठेवा. मालक म्हणाला, मग राहू दे. एवढंच. ती गाडी चांगली होती की वाईट, आम्हाला कधीच कळणार नाही, आणि त्याला थोडं वाईटही वाटलं. पण त्याचे पैसे अजून त्याच्या खात्यात आहेत आणि तो दुसरी बघतोय.

तुमचा कुणी मित्र टोकन द्यायला निघाला असेल तर हा भाग त्याला आत्ताच पाठवा, टोकन दिल्यावर नको. आणि मागे कुणाला बसवणार असाल तर पंखा दोनदा तपासा. भेटू पुढच्या भागात, राम राम!