पेरणी ऑक्टोबरात कशी गेली?

पावसाळा लागला की फोन सुरू होतात. 'सर, सारं बरोबर भरलं, पण पेरणी ऑक्टोबरात दाखवून रायली.' फोन कधी दारव्ह्याहून येतो, कधी घाटंजीहून, कधी पांढरकवड्याहून. तक्रार एकच. शेतकऱ्याने मृगाच्या पावसावर १० जूनला कपाशी लावली. ऑपरेटरने १०/०६/२०२३ असं टाइप केलं. यादी वर पोचली तेव्हा त्याच पेरणीची तारीख ६ ऑक्टोबर झाली होती. आपल्या यवतमाळात ऑक्टोबरात कापूस वेचायला बाया शोधतात, पेरायला नाही.

'मग काय केलं?' मी विचारतो. उत्तर ठरलेलं असतं: 'फॉरमॅट सेल्समध्ये जाऊन बदललं ना, सर. आता बरोबर दिसते.'

दिसते! सगळा घोळ या एका शब्दात आहे.

गैरसमज : फॉरमॅट बदललं की तारीख दुरुस्त होते.

वस्तुस्थिती : एक्सेल तारीख साठवतच नाही. ते एक आकडा साठवतं. १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि तिथून पुढे रोज एकाची भर. महाराष्ट्र राज्य स्थापन झालं तो १ मे १९६० हा दिवस एक्सेलच्या लेखी २२०३७ आहे. आपल्याला सेलमध्ये दिसते ती त्या आकड्याला नेसवलेली तारीख. फॉरमॅट सेल्स फक्त नेसवणं बदलतं, आतल्या आकड्याला हात लावत नाही.

मग आकडा कधी ठरतो? तुम्ही एंटर दाबता त्या क्षणी. १०/०६ मधला आधीचा आकडा दिवस की महिना, हे एक्सेल विंडोजच्या 'रीजन' सेटिंगला विचारतं. तिथे 'इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)' असेल तर अमेरिकी पद्धतीप्रमाणे महिना आधी धरला जातो. १० जून २०२३ चा आकडा ४५०८७. आत गेला ४५२०५, म्हणजे ६ ऑक्टोबर. ११८ दिवसांचा फरक पडला, आणि सॉफ्टवेअरने हूं की चूं केलं नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही चुकलंच नव्हतं.

आता आपला ऑपरेटर काय करतो पाहा. सेलमध्ये त्याला ०६-१०-२०२३ दिसतं. 'उलटी झाली' म्हणून तो असं फॉरमॅट निवडतो की ती १०-०६-२०२३ दिसावी. पडद्यावर समाधान! आत मात्र ऑक्टोबर तसाच बसलेला. यादी तारखेनुसार लावली की ती ओळ भलतीकडे जाते. पेरणी ते कापणी दिवस मोजले की उत्तर चुकतं. तारखेच्या यादीत काही फॉरमॅटांपुढे छोटी फुली असते. त्यांपैकी एखादं निवडलं असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर, तिथल्या रीजननुसार, ती तारीख पुन्हा उलटते. मग तालुका म्हणतो जिल्ह्याने बिघडवलं, जिल्हा म्हणतो तालुक्याने.

'पण सगळ्या तारखा कुठे बिघडतात? अर्ध्या तर बरोबर असतात,' असंही सांगतात. हिशोब करू. अमेरिकी सेटिंगवर आपल्या पद्धतीने वर्षाच्या ३६५ तारखा टाका. दिवस १ ते १२ मधला असेल तरच तो महिना म्हणून खपतो. अशा तारखा १२ गुणिले १२, म्हणजे १४४. त्यांतल्या १/१, २/२ अशा १२ उलटल्या तरी त्याच राहतात. १३२ गुपचूप चुकतात. उरलेल्या २२१ मध्ये तेरावा किंवा त्यापुढचा महिना निघतो. तो एक्सेलला सापडत नाही, म्हणून ते त्यांना तारीख मानतच नाही, नुसता मजकूर म्हणून डावीकडे चिकटवून ठेवतं. म्हणजे 'बरोबर' वाटणाऱ्या बहुतेक तारखा मुळात तारखाच नसतात. खरोखर बरोबर फक्त १२.

शाळेच्या याद्यांत तर याची कमालच होते. गुरुजींनी दाखल करताना लावलेला १ जून हा आपल्याकडच्या कितीतरी जुन्या मंडळींचा कागदोपत्री वाढदिवस. अमेरिकी सेटिंगवर तो टाका, अख्खा गाव ६ जानेवारीला जन्मलेला निघेल. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' सुरू केलं तो हा दिवस, म्हणजे पत्रकार दिन. गावात इतके पत्रकार नसतात.

आता उपाय, आणि तो कामाला बसण्याआधीचा आहे. कंट्रोल पॅनलमध्ये 'रीजन' उघडा, 'फॉरमॅट्स'मध्ये 'इंग्लिश (इंडिया)' निवडा, एक्सेल बंद करून पुन्हा उघडा. लिब्रेऑफिसमध्ये हेच काम 'टूल्स'च्या 'ऑप्शन्स'मध्ये भाषेच्या सेटिंगखालच्या 'लोकेल'मध्ये होतं. गूगल शीट्समध्ये लोकेल प्रत्येक फाइलचं वेगळं असतं, 'फाइल'खालच्या 'सेटिंग्ज'मध्ये. पोर्टलवरून उतरवलेली सीएसव्ही फाइल डबल-क्लिकने उघडू नका. 'डेटा' मेनूतून आत आणा आणि तारखेच्या रकान्याची पद्धत तिथे सांगा.

रीजन बदलल्याने आधीची फाइल सुधारत नाही, हेही ऐकून ठेवा. आकडे आत पडले ते पडले. फाइलची प्रत काढा. मजकूर राहिलेल्या तारखांना 'टेक्स्ट टू कॉलम्स'च्या तिसऱ्या पायरीवर 'डीएमवाय' सांगा. उलटलेल्या तारखांसाठी शेजारच्या रकान्यात 'डेट' सूत्र लिहा: वर्ष तेच, महिन्याच्या जागी दिवस, दिवसाच्या जागी महिना. दोन्ही गट आधी वेगळे करा. आणि एकाच यादीत दोन कॉम्प्युटरांवरची, दोन सेटिंगांची नोंद मिसळली असेल, तर कोणतंही सूत्र तुम्हाला वाचवणार नाही. कागदी रजिस्टर काढा आणि एकेक ओळ ताडून पाहा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

'रीजन बदलला की कॉम्प्युटर हिंदीत जाईल.' नाही. पडद्यावरची भाषा वेगळी सेटिंग आहे. उलट लाख-कोटींचे स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पडू लागतील.

'सेलमध्ये जाळीची चिन्हं आली, तारीख गेली.' बहुतेक वेळा रकाना अरुंद असतो. रुंद करा.

'भारतीय सेटिंग केलं की ७/१२ सुरक्षित.' मुळीच नाही. अमेरिकी सेटिंगवर सातबाऱ्याचा १२ जुलै होतो, भारतीयवर ७ डिसेंबर. गट क्रमांकाच्या रकान्याला टाइप करण्याआधीच 'टेक्स्ट' करा. नंतर केलं तर पाच आकडी संख्या हाती येते. शास्त्रज्ञही याला कंटाळले. जनुकांची काही नावं मार्च आणि सप्टेंबरच्या तारखा होऊ लागल्याने मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २७ जनुकांची नावंच बदलली. हे २०२० मध्ये जाहीर झालं.

'वर्षाचे दोन आकडे पुरेत.' १९२५ साली जन्मलेल्या आजोबांचं २५ लिहा, ते २०२५ मध्ये जन्मतील.

'एक्सेलला कोणतीही तारीख चालते.' १९०० च्या आधीची नाही. वणीत २९ ऑगस्ट १८८० ला जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांची जन्मतारीख त्याच्यासाठी नुसता मजकूर आहे. लिब्रेऑफिस ती मोजतं.

'वर्ष आधी लिहिणं परकं खूळ आहे.' २०२३-०६-१० ही रीत आयएसओ ८६०१ ची, आणि भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ७९०० मध्येही आहे. कोणत्याही सेटिंगवर तो दहा जूनच राहतो.

तेव्हा फोन लावण्याआधी, कॉम्प्युटर नवा असो की शेजारच्या टेबलावरचा, रिकाम्या सेलमध्ये १३/०६/२०२३ टाका आणि एंटर दाबा. उजवीकडे सरकलं तर खुशाल कामाला लागा. डावीकडेच राहिलं तर यादीतली पहिली पेरणीसुद्धा भरू नका.