ईजीआर, काजळी आणि कुंभाराचं गाढव

मागच्या व्याख्यानात आपण नैयायिकांचा एक प्रश्न पाहिला होता: एखाद्या गोष्टीचं कारण कोणतं, आणि नुसतीच तिच्या आधी घडलेली घटना कोणती? आज हाच प्रश्न घेऊन आपल्याला गाडीच्या बॉनेटखाली डोकावायचं आहे. जुन्या डिझेल गाडीच्या मालकाला गॅरेजमध्ये हमखास एक सल्ला मिळतो. "साहेब, मॅनिफोल्ड साफ करतो आणि ईजीआरला पत्रा मारून टाकतो. गाडी पळायला लागेल." आणि गाडी खरोखरच पळायला लागते. पण ती कशामुळे पळाली?

आधी यंत्र समजून घेऊ. एअर फिल्टरमधून आलेली हवा एकेका सिलिंडरला वाटून देणारा नळ्यांचा जुडगा म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. या नळ्यांची लांबी-रुंदी महत्त्वाची असते. सिलिंडरची झडप उघडते-मिटते तेव्हा नळीत दाबाच्या लहरी पुढे-मागे धावतात. लहर नेमकी झडप उघडी असताना पोहोचली, तर हवा जास्त भरते. लांब नळी कमी आरपीएमला उपयोगी पडते, आखूड नळी जास्त आरपीएमला. हौशी मंडळी मॅनिफोल्ड बदलतात ते यासाठीच.

आता ईजीआर, म्हणजे एग्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन. सायलेन्सरकडे निघालेला थोडा जळका वायू एका झडपेतून परत मॅनिफोल्डमध्ये सोडायचा. ऐकायला हे विचित्रच वाटतं. एकदा बाहेर टाकलेलं पुन्हा आत कशाला घ्यायचं? याचं उत्तर नायट्रोजनमध्ये आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण ज्वालेचं तापमान साधारण १५०० अंश सेल्सियसच्या वर गेलं की तो ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. जळक्या वायूत ऑक्सिजन कमी असतो, शिवाय त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ उष्णता शोषून घेतात. त्यामुळे ज्वाला जरा थंड राहते आणि हे ऑक्साइड कमी होतात.

हे ऑक्साइड एवढे वाईट का? १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की लॉस एंजेलिसवरचं डोळे झोंबवणारं धुकं हे गाड्या-कारखान्यांतून निघालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांवर ऊन पडून तयार होतं. त्यात ओझोन असतो, आणि तो फुप्फुसांना इजा करतो. पुढे १९७० मध्ये अमेरिकेत स्वच्छ हवेचा कडक कायदा आला आणि त्यापाठोपाठ गाड्यांमध्ये ईजीआर आला.

पण या सोयीची किंमत असते, आणि ती गाडीचा मालक मोजतो. डिझेलच्या जळक्या वायूत काजळी असते. इंजिनच्या ब्रीदरमधून तेलाची वाफ येते. दोन्ही मॅनिफोल्डमध्ये भेटतात आणि डांबरासारखा चिकट थर बसतो. गाडी रोज दोन-चार किलोमीटरच फिरत असेल, इंजिन धड तापतच नसेल, तर हा थर लवकर वाढतो. वाट अरुंद होते, हवा कमी पडते, पिकअप जातो, ॲव्हरेज घसरतं. तेव्हा गाडीवाल्याची तक्रार खोटी नाही, हे आधी मान्य करू.

आता नैयायिकांकडे वळू. घडा तयार होतो त्याला माती, कुंभार, चाक ही कारणं. माती वाहून आणणारं गाढवसुद्धा घड्याच्या आधी तिथे हजर असतं, पण ते घड्याचं कारण नव्हे. माती डोक्यावरून आणली असती तरी घडा झालाच असता. अशा गोष्टीला ते 'अन्यथासिद्ध' म्हणतात. आपल्या मेकॅनिकने दोन कामं एकदम केली: मॅनिफोल्ड साफ केलं आणि पत्रा मारला. पिकअप परत आला आणि श्रेय मिळालं पत्र्याला. मग व्यतिरेकाची कसोटी लावू. पत्रा न मारता नुसतं मॅनिफोल्ड आणि ईजीआरची झडप साफ करून बघा. गेलेला पिकअप परत येतो. राहिली पूर्ण ताकद. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईजीआरची झडप मिटूनच घेते, मग पत्र्याने आणखी काय वाढणार?

मात्र पत्रा अगदीच निष्क्रिय आहे असंही नाही. त्यामुळे पुढे काजळी कमी साचते, आणि हलक्या पायाने चालवताना गाडी थोडी तरतरीत वाटू शकते. एवढं पत्र्याच्या पदरात टाकूच. पण त्याच पत्र्याने नायट्रोजन ऑक्साइड मात्र भरमसाट वाढतात. म्हणजे पिकअपच्या बाबतीत पत्रा गाढव आहे, आणि विषारी वायूच्या बाबतीत तोच कुंभार आहे.

(श्रोत्यांतून प्रश्न: पण अशी गाडी पीयूसी पास होते की!)

होते ना, आणि खरी गोम तिथेच आहे. डिझेलच्या पीयूसीत धुराचा दाटपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. ईजीआर बंद केला की काळा धूर उलट कमी होतो. म्हणजे सर्टिफिकेट अधिक चांगलं आणि हवा अधिक वाईट. नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवली की असं होतं. मोठ्या कंपनीनेही हाच खेळ केला. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागणारं सॉफ्टवेअर फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांत घातलं होतं. ते सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झालं. रस्त्यावर या गाड्या मर्यादेच्या ४० पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयने तपासणी केली आणि कंपनीला सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

मग मॅनिफोल्डला हातच लावायचा नाही का? लावा, पण ईजीआरचं काम शाबूत ठेवून. जळका वायू नळ्या फुटण्याच्या बराच आधी हवेत मिसळला पाहिजे, नाहीतर एका सिलिंडरला तो जास्त मिळतो आणि दुसऱ्याला कमी. मॅनिफोल्ड प्लास्टिकचं असेल तर तो वायू कूलरमधून आलेला हवा. जोडाचं पॅकिंग नवं घाला, कारण सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरली की कॉम्प्युटरचा हिशेब चुकतो. आणि कॉम्प्युटर किती जळका वायू येतोय हे ताज्या हवेच्या मापावरून ताडतो, म्हणूनच पत्रा मारल्यावर बऱ्याच गाड्यांत इंजिनचा दिवा लागतो. मग तो दिवा विझवायला सॉफ्टवेअर बदलायचं, म्हणजे एक लबाडी झाकायला दुसरी.

कायद्याचंही सांगून ठेवू. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण आपल्या दृष्टीने दंडापेक्षा मोठा प्रश्न वेगळा आहे. मॅनिफोल्ड साफ करायचा खर्च दर काही वर्षांनी आपल्या खिशातून जातो. पत्रा मारला की तो खर्च वाचत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या नावावर चढतो. सिग्नलला उभा असलेला पोलीस, स्कूटरवर पुढे उभं राहिलेलं लहान मूल, फुटपाथवरचा भाजीवाला, हे सगळे तो आपल्या श्वासातून भरतात. त्यांना कुणी विचारलेलं नसतं आणि त्यांच्या हाती बिलही पडत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी गॅरेजमध्ये एवढंच म्हणा: "मॅनिफोल्ड साफ करा, ईजीआरची झडप साफ करा, पत्रा नको." पुढच्या व्याख्यानात आपण निमित्तकारण आणि जबाबदारी यांचा संबंध पाहू.