सहा वर्षांची दाढ आणि तिचे लिंपण



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी दातांचा विषय निवडावा, याचे काहींना आश्चर्य वाटेल. मी दंतवैद्य नव्हे. या विषयातील माझा अधिकार एवढाच की, माझ्या तोंडातील एक दाढ गेली पासष्ट वर्षे जागेवर नाही. परंतु ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, ते दर शनिवारी प्रार्थना संपली की आमची नखे आणि दात पाहत असत, हे माझ्या पिढीच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. नखे वाढलेली दिसली तर छडी, आणि दात पिवळे दिसले तर नुसता एक हुंकार. त्या हुंकाराची धास्ती छडीपेक्षा अधिक. आम्ही राखुंडीने दात घासून ते चकचकीत करून येत असू. गुरुजींना समोरचे दात दिसत. मागची दाढ मात्र त्यांना दिसत नसे, आमच्या आईवडिलांनाही दिसत नसे. आजचा विषय त्या न दिसणाऱ्या दाढेचा आहे.

आरंभ शब्दापासून करतो. भाषेच्या माणसाची ही खोड श्रोत्यांनी क्षम्य मानावी. दाताला ‘कीड लागली’ असे आपण म्हणतो. आमच्या शेजारची कन्नड मंडळी अशा दाताला ‘हुळुकु हल्लु’ म्हणतात, आणि ‘हुळु’ म्हणजे किडाच. सुश्रुतसंहितेतील दंतरोगांत ‘कृमिदंतक’ आहे. दाताच्या आत किडा बसून तो कोरतो, ही समजूत केवळ आपलीच नव्हती. ती अनेक प्राचीन संस्कृतींत होती. १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या ग्रंथात ती नाकारली आणि साखरेकडे बोट दाखविले. पुढे १८९० मध्ये मिलर या संशोधकाने खरा क्रम मांडला. तोंडात जिवाणू असतात. ते आपण खाल्लेल्या गोड व पिठूळ पदार्थांवर जगतात व आम्ल निर्माण करतात. ते आम्ल दातावरील कठीण कवच विरघळविते. म्हणजे कोरणारा कोणी नाही, विरघळविणारे मात्र आहेत. शब्द तेवढा जुना राहिला. त्याने नुकसान असे झाले की, कीड म्हटली की ती कोठून तरी येऊन ‘लागते’, आपल्या हाती काही नसते, अशी भावना मनात रुजली.

आता त्या दाढेकडे वळू. दुधाचे दात एकूण वीस. म्हणजे वरच्या व खालच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूस पाच. मूल सहा वर्षांचे झाले की या पाचांच्या मागे, जबडा वाढून मोकळ्या झालेल्या जागेत, एक नवी दाढ उगवते. ती येताना कोणताही दात पडत नाही. पुढचा दात पडला की घरात कौतुक होते, तो कौलांवर फेकण्याचा विधी होतो. या दाढेच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही. ती निमूटपणे येते, आणि पुष्कळ घरांत तिची गणना दुधाच्या दातांतच होते. वस्तुतः ती कायमची. तिच्या जागी दुसरी येणार नाही. चावण्याचा मोठा भार तिच्यावर असतो, आणि इतर दात एकमेकांशी कसे जुळतील हेही पुष्कळ अंशी तिच्यावर ठरते.

मी दहा वर्षांचा असताना माझी उजवीकडची खालची दाढ ठणकू लागली. आई म्हणाली, “दुधाची आहे रे, पडेल आपोआप.” लवंग ठेवली, हिंग भरला, गाल सुजला तेव्हा शेक दिला. शेवटी वडील मला हुबळीला घेऊन गेले आणि दाढ उपटून टाकली. नवी येईल म्हणून मी दोन वर्षे जिभेने ती जागा चाचपत होतो. ती आली नाही. मागची दाढ कालांतराने त्या रिकाम्या जागेकडे कलली, वरची खाली उतरली, आणि मी आजतागायत डाव्या बाजूने जेवतो.

आई फारशी शिकलेली नव्हती. तिला दोष देण्याचे मला कधी सुचले नाही. परंतु पुढे माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तिची तीच दाढ दुखू लागली. तेव्हा पीएच. डी. झालेल्या, वर्गात तास गाजविणाऱ्या तिच्या वडिलांनी काय म्हणावे? “दुधाची आहे, पडेल.” तीन महिने गेले. दंतवैद्यांनी तिचे तोंड पाहिले आणि शांतपणे म्हणाले, “सर, ही दुधाची नव्हे. हिला आलेली पहिली कायमची दाढ हीच.” त्या दिवशी मला माझ्या बालपणीच्या दाढेचाही उलगडा झाला. मुलीची दाढ मुळापर्यंत उपचार करून, वर टोपी बसवून कशीबशी राखली. त्या वेळी दंतवैद्यांनी जे सांगितले, ते मी पुढे मिळेल तिथून वाचत गेलो. आज मांडतो आहे ते त्याच वाचनाचे फळ.

हीच दाढ इतक्या लवकर का किडते? याचे उत्तर तिच्या घडणीत आहे. पटाशीचे दात गुळगुळीत असतात. दाढेचा माथा मात्र डोंगराळ. त्यावर उंचवटे आणि त्यांच्यामध्ये घळी. यांतील कित्येक घळी इतक्या अरुंद असतात की टूथब्रशचा एक केसदेखील त्यांत शिरू शकत नाही. जिवाणू शिरतात, बिस्किटाचा कण शिरतो, ब्रश बाहेरच राहतो. त्यात दाढ नुकतीच उगवलेली असताना तिचे कवच पुरते पक्व झालेले नसते, आणि सहा वर्षांच्या मुलाचा हात इतक्या मागे पोहोचत नाही. कायमच्या दातांत मुलांना जी कीड लागते, तिच्यातील दहापैकी नऊ भाग मागच्या दाढांत असतो, असे अमेरिकेतील आरोग्यखात्याचे निरीक्षण आहे. आपल्याकडे २००२-०३ मध्ये दंत परिषदेने देशभर पाहणी केली होती. तीत बारा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले.

येथे कोणी म्हणेल की, फ्लोराइडची पेस्ट आहे ना? आहे, आणि ती वापरावीच. फ्लोराइडने कवच आम्लाला अधिक दाद देईनासे होते. परंतु त्याचा लाभ दातांच्या सपाट बाजूंना अधिक मिळतो, घळींना कमी. काही पाश्चात्त्य देशांत नळाच्या पाण्यातच फ्लोराइड मिसळतात. आपल्या भागात तो विचारही करवत नाही. १९९७ पर्यंत आपल्याच धारवाड जिल्ह्यात असलेल्या गदग-मुंडरगी बाजूच्या विहिरींत व कूपनलिकांत फ्लोराइड नको तितके आहे. लिटरमागे एक मिलिग्रॅम ही आपली मानक मर्यादा आणि दुसरा पर्याय नसल्यास दीड. ती ओलांडणारे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने तेथील मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, आणि मोठेपणी हाडेही आखडतात. हुबळी-धारवाडला मलप्रभेचे पाणी येते आणि तिकडे भूगर्भातले. शंभर किलोमीटरच्या आत एकच द्रव्य एकीकडे औषध तर दुसरीकडे विष ठरते.

तेव्हा घळींचे काय करावे? उत्तर असे की, त्या बुजवाव्यात. इंग्रजीतून आलेला ‘सीलंट’ हा शब्द आता दवाखान्यांत रूढ झाला आहे. परिभाषा घडविणाऱ्यांच्या हाती हा विषय पडला असता तर त्यांनी ‘दंतविदररोधक’ असे काही घडविले असते आणि ते कोणी उच्चारले नसते. मला ‘लिंपण’ हा शब्द जवळचा वाटतो. आपल्याकडे मृगापूर्वी मातीच्या भिंतींच्या भेगा लिंपून घेत. भिंत पडल्यावर नव्हे. हे लिंपणही दाढ चांगली आहे तोवरच करावयाचे.

घळी बुजविण्याची कल्पना जुनी, पण ओल्या, गुळगुळीत दाताला काही चिकटेना. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे मायकेल ब्युनोकोर नावाचे दंतवैज्ञानिक होते. कारखान्यांत धातूला रंग देण्यापूर्वी त्यावर फॉस्फरिक आम्ल लावतात, म्हणजे रंग पक्का धरतो, हे त्यांना ठाऊक होते. तोच प्रयोग त्यांनी दातावर केला आणि १९५५ साली प्रसिद्ध केला. आम्लाने कवचावर अतिसूक्ष्म रंध्रे पडतात. पातळ राळ त्यांत उतरून घट्ट होते आणि मुळ्या धराव्यात तशी रुतते. जे आम्ल दाताचा वैरी, त्याचाच क्षणभर उपयोग करून दात राखावयाचा, ही युक्ती मला फार आवडते. पुढे बोवेन यांनी टिकाऊ राळ शोधली, १९७०च्या दशकाच्या आरंभी लिंपणाचे द्रव्य बाजारात आले आणि १९७६ मध्ये अमेरिकन दंतवैद्यक संघटनेने त्यास मान्यता दिली. म्हणजे माझ्या मुलीची दाढ किडली तेव्हा हा उपाय जगात होता. आमच्या घरात नव्हता.

नातवाच्या वेळी मात्र मी सावध होतो. त्याच्या चारही दाढा लिंपताना मी खुर्चीशेजारी बसून पाहिले. प्रथम दाढ घासून स्वच्छ केली. गालाच्या व जिभेच्या बाजूस कापसाच्या गुंडाळ्या ठेवल्या. मग निळसर रंगाचे आम्ल अर्धा मिनिटभर दाढेच्या माथ्यावर लावून ते पाण्याने धुऊन काढले. वाऱ्याच्या नळीने कोरडी केल्यावर ती जागा खडूसारखी पांढुरकी दिसू लागली. ती तशी दिसलीच पाहिजे, नाहीतर आम्ल पुन्हा लावतात. नंतर घळींत राळेचा थेंब सोडला, निळा प्रकाश काही सेकंद धरला, आणि थेंब दगडासारखा झाला. सुई नाही, कोरणे नाही. नातवाची तक्रार एकच, की कापूस बेचव होता.

यातील नाजूक भाग म्हणजे कोरडेपणा. आम्ल धुतल्यानंतर थुंकीचा स्पर्श झाला तर लिंपण धरत नाही आणि काही महिन्यांत सुटते. ज्या मुलाची दाढ अजून हिरडीतून अर्धीच वर आली आहे, किंवा जे मूल तोंड उघडे ठेवत नाही, त्याच्यासाठी ग्लास आयोनोमर नावाचे सिमेंट वापरतात. ते राळेइतके टिकत नाही, परंतु ओलसरपणा सोसते आणि थोडे फ्लोराइडही सोडत राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या सिमेंटचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला.

लाभ किती, याविषयी अतिशयोक्ती नको. अमेरिकेतील आरोग्यखात्याच्या हिशेबाप्रमाणे लिंपणामुळे दाढांतील सुमारे ८० टक्के कीड पहिली दोन वर्षे टळते आणि चार वर्षांपर्यंत सुमारे निम्मी टळते. लिंपण झिजते, त्याचा तुकडा उडतो. म्हणून दर सहा महिन्यांनी ते पाहून घ्यावे लागते आणि उणे पडले तर पुन्हा भरावे लागते. शिवाय दोन दातांमधल्या फटीत लागणाऱ्या किडीवर त्याचा काही उपाय चालत नाही. तेथे ब्रश, पेस्ट आणि खाण्याचा संयम हेच. ‘आत कीड कोंडली गेली तर?’ अशी शंका मलाही होती. खळगा पडला असेल तर आधी तो भरावा लागतो. पण किडीची नुसती सुरुवात असेल तर वरून लिंपल्यास जिवाणूंचे अन्न तुटते आणि ती बहुधा तेथेच थांबते.

संयमाविषयी एक सांगतो, कारण धारवाडात बसून पेढ्याविरुद्ध बोलण्याची माझी छाती नाही. किती गोड खाल्ले यापेक्षा कितीदा खाल्ले हे दातांना अधिक भोवते. स्वीडनमध्ये लुंड येथील विपेहोल्म संस्थेत १९४०च्या दशकात बौद्धिकदृष्ट्या दुर्बल रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफी देऊन हे पाहिले गेले. त्या असहाय माणसांवर झालेला हा प्रयोग निंद्यच होता. त्यातून निघालेली गोष्ट मात्र खरी ठरली. जेवणानंतरचा पेढा चालेल. खिशात ठेवून तासातासाला चघळलेली गोळी चालणार नाही.

आता शाळेकडे येतो. दुसरी कायमची दाढ बाराव्या वर्षाच्या सुमारास येते. म्हणजे पहिली-दुसरीचा वर्ग आणि सातवीचा वर्ग, हे लिंपणाचे दोन काळ. घरोघर जाऊन जी मुले सापडणार नाहीत, ती शाळेच्या पटावर आयती असतात. अमेरिकेत शाळेतच लिंपण करण्याची व्यवस्था याच कारणाने झाली, कारण दंतवैद्याकडे न जाणाऱ्या गरीब घरांतील मुलांना तिचा लाभ सर्वांत अधिक होतो. आपल्या गावाला दंतवैद्यक महाविद्यालय दूर शोधावे लागत नाही, सत्तूरचे एस. डी. एम. दंतवैद्यक महाविद्यालय १९८६ पासून येथे आहे, आणि केंद्राचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमही २०१४ मध्ये सुरू झाला आहे. माजी विद्यार्थी संघाने दर जूनमध्ये पहिली-दुसरीच्या आणि सातवीच्या मुलांची दाढ दाखवून घेण्याचे पत्करावे, ही माझी विनंती आहे. मुलांच्या आरोग्यपत्रकात वजन आणि उंचीच्या शेजारी एक रकाना वाढविला तरी आरंभास पुरे.

त्याआधी घरी पाहावयाचे असल्यास ते सोपे आहे. मुलाला उजेडात बसवावे, विजेरी घ्यावी, आणि समोरच्या दोन दातांच्या मधल्या रेषेपासून एका बाजूस मोजत जावे. पाचापर्यंतचे दात दुधाचे किंवा त्यांच्या जागी आलेले असतील. सहावा दिसला तर तो कायमचा. खालच्या जबड्यातील दाढ बहुधा आधी येते, म्हणून सुरुवात तेथून करावी. हिरडीचा पापुद्रा दाढेच्या मागच्या कडेवर अजून असेल तर एक-दोन महिने थांबून पुन्हा पाहावे, आणि माथा पुरता मोकळा झाला की मुलाला दंतवैद्याकडे न्यावे.