सेकंदाचा पाचवा हिस्सा

आमगावचे रेखांश सुमारे ८०.४ अंश पूर्व आणि मद्रासच्या जुन्या वेधशाळेचे ८०.२५ अंश पूर्व. म्हणजे दक्षिणोत्तर नऊशे किलोमीटरांचे अंतर मध्ये असूनही या दोन ठिकाणी सूर्य डोक्यावर येण्यात अर्ध्या मिनिटाचाच काय तो फरक पडतो. ही गोष्ट आज कोणाच्या खिजगणतीत नाही. परंतु १८८७ साली स्थापन झालेल्या बेंगॉल नागपूर रेल्वे कंपनीने नागपूर–छत्तीसगढ लोहमार्ग आपल्या अंमलाखाली घेतला, त्या काळी हिंदुस्थानातील आगगाड्या मद्रासच्या वेळेवर धावत असत, आणि मुंबईकराला जी वेळ आपल्या शहराच्या अर्धा तास पुढची म्हणून परकी वाटे, तीच मध्यप्रांताच्या भंडारा जिल्ह्यातील या लहानशा स्थानकावर केवळ योगायोगाने गावच्या सूर्याची सरासरी वेळ ठरली होती. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंशांवरील प्रमाणवेळ लागू झाली, रेल्वेची घड्याळे सुमारे नऊ मिनिटे पुढे सरकली, आणि तेव्हापासून आमगावची माध्यान्ह सरकारी हिशेबात सरासरी साडेआठ मिनिटे उशिरा होते.

वेळेचा हुकूम मद्रासहून येवो की अन्य कोठून, तो पाळण्याचे काम अखेर एका लहानशा यंत्राकडेच येई. तारेने येणाऱ्या इशाऱ्याबरहुकूम स्थानकाचे घड्याळ लावून घ्यावयाचे, आणि दोन इशाऱ्यांच्या मधल्या काळात गार्डाच्या खिशातील घड्याळाच्या इमानावर भिस्त ठेवावयाची, असा तो बंदोबस्त होता. मुंबई-कलकत्त्यास पेढ्या थाटून बसलेल्या वेस्ट एन्ड वॉच कंपनीसारख्या स्विस व्यापाऱ्यांचा या देशातील जम बसला, तो राजेरजवाड्यांच्या शौकापेक्षा अशा चाकरीतल्या माणसांच्या निकडीवर अधिक.

आपल्याकडे त्यापूर्वी वेळ मोजली जाई ती वाहू देऊन. लग्नघरातील घंगाळाच्या पाण्यावर तरंगणारे, बुडाशी बारीक छिद्र असलेले घटिकापात्र चोवीस मिनिटांत भरून बुडे, ही क्रिया आरंभापासून अंतापर्यंत अखंड. आणि पाणी गार असले की ते किंचित दाट होऊन सावकाश आत शिरे, म्हणजे हवामानाची खोट तिथेही होतीच. कमानीच्या घड्याळाची रीत याच्या नेमकी उलट आहे. ते काळ वाहू देत नाही. त्याचे सारखे तुकडे पाडते आणि मोजते.

हे तुकडे पडतात कसे, ते पाहण्यासारखे आहे. किल्ली दिली म्हणजे एका चपट्या डबीत गुंडाळलेली पोलादी कमान आवळली जाते आणि साधारण चाळीस तास पुरेल इतकी शक्ती तिच्यात साठते. तिला मोकळे सोडले तर सारी दंतचक्रे क्षणात गरगर फिरून थांबतील. म्हणून साखळीच्या शेवटी, बहुधा पंधरा दातांचे, एक चक्र आणि त्यासमोर दोन माणकांचे खडे बसवलेली नांगराच्या आकाराची एक चिमुकली तरफ योजलेली असते. पलीकडे, केसाहूनही बारीक अशा सर्पिल स्प्रिंगच्या जोरावर, ज्याला आपले घड्याळजी नुसते ‘बॅलन्स’ म्हणतात ते तोलचक्र डावी-उजवीकडे झोके घेत असते. प्रत्येक झोक्यात ते तरफेला स्पर्श करते. एक खडा दात सोडतो, सुटलेला दात जाता जाता तरफेमार्फत तोलचक्राला हलका रेटा देतो, आणि दुसरा खडा पुढच्या दाताला अडवतो. आपण जिला टिकटिक म्हणतो, ती मुख्यतः या अडवणुकीची आहे. सेकंदाला पाच, तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,०००, वर्षाला पंधरा कोटींहून अधिक वेळा हे घडते. झोपाळ्यावरच्या मुलाला जाणती माणसे योग्य क्षणी बोटभर धक्का देतात आणि मग हात काढून घेतात. १८ व्या शतकाच्या मध्यास इंग्लंडच्या टॉमस मज याने शोधलेल्या या तरफेचा गुण हाच, की तोलचक्राला ती क्षणभर शिवते आणि उरलेल्या झोक्यात त्याच्या वाटेस जात नाही.

तोलचक्राचा झोका मोठा असो की लहान, त्याला लागणारा वेळ जवळजवळ सारखाच राहतो, आणि १६७५ साली ख्रिस्तियान हायगेन्स याने सर्पिल स्प्रिंगची कल्पना प्रसिद्ध केली, तिचे सारे महत्त्व या एका गुणात आहे. मात्र ‘जवळजवळ’ या शब्दातच घड्याळजींच्या दहा पिढ्या खपल्या. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यांतील दहा चुकले तरी चूक दहाहजारांश भागाच्या आसपासच राहते, आणि तरीही असे घड्याळ महिन्याकाठी पाच मिनिटांनी खोटे ठरते.

या खोटीचे सर्वांत मोठे कारण विदर्भातल्या वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. उष्णतेने पोलादी स्प्रिंगचा ताठरपणा कमी होतो. साधी पोलादी स्प्रिंग आणि पितळी तोलचक्र असलेले घड्याळ तापमान एका सेल्सिअस अंशाने वाढले की दिवसाला सुमारे अकरा-बारा सेकंद मागे पडते. पौषातल्या थंडीत बरोबर चालणारे असे घड्याळ वैशाखात, पारा तीस अंश वर चढल्यावर, खुंटीवर टांगून ठेवले तर एका दिवसात पाच-सहा मिनिटे गमावील! यावर खरा उपाय सापडला तो शार्ल एदुआर गियोम या स्विस घड्याळजीपुत्राला. पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजनमाप संस्थेत पोलाद आणि निकेल यांच्या मिश्रधातूंचा अभ्यास करताना, तापल्यावर जवळजवळ न प्रसरणारा एक धातू आणि ताठरपणा जवळजवळ न गमावणारा दुसरा, असे दोन त्याने सिद्ध केले, आणि त्याबद्दल १९२० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. आज शेकड्यांत मिळणाऱ्या जुन्या घड्याळातील स्प्रिंगही बहुधा याच कुळातल्या धातूची असते.

माणकांविषयी एक खुलासा येथेच केलेला बरा, कारण तबकडीवरचे ‘१७ ज्युएल्स’ वाचून घड्याळ रत्नजडित असल्याचा समज करून देणारे विक्रेते कमी नाहीत. आसाची टोके कठीण, गुळगुळीत दगडात फिरली तर झीज कमी होते, एवढाच त्यांचा उपयोग. आणि १९०२ पासून व्हर्न्योई याच्या रीतीने भट्टीत माणके तयार होऊ लागल्यावर त्यांची किंमत नगण्य झाली.

मग लाखो रुपयांच्या घड्याळात असते तरी काय? अचूकपणा, असे उत्तर द्यावे तर ते टिकत नाही. स्वित्झर्लंडची अधिकृत परीक्षक संस्था पंधरा दिवस, पाच ठेवणींत आणि तीन तापमानांत तपासून ज्या यंत्राला प्रमाणपत्र देते, त्याला दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा असते. आणि १९६९ साली जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ बाजारात आणल्यापासून, सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक असलेले बाजारचे स्वस्त घड्याळही त्याला सहज मागे टाकते. पैसा जातो तो हाताच्या कामाला. पट्ट्यांच्या कडा पंचेचाळीस अंशांत तासून आरशासारख्या करणे, आणि त्यातही जिथे दोन कडा आत वळून टोकदार कोपऱ्यात मिळतात तिथे फिरते हत्यार पोहोचत नाही म्हणून कानस आणि लाकडी काडीने तासन्‌तास घासणे. पोलादाचा तुकडा कथलाच्या पत्र्यावर हिऱ्याच्या भुकटीने इतका सपाट करणे, की एका कोनातून तो काळाकुट्ट आणि दुसऱ्यातून लखलखीत दिसावा. हे सारे काम झाकणाखाली जाते. गंजाला आणि धुळीला थारा मिळू नये, असा त्यातील काही संस्कारांचा मूळ उद्देश होता. उरलेले निव्वळ कारागिराच्या अभिमानासाठी आहेत, आणि मला तरी त्यात गैर काही दिसत नाही.

तूरबिलाँविषयी मात्र तसे म्हणवत नाही. अब्राहम-लुई ब्रेगे याने १८०१ मध्ये पेटंट घेतलेला हा पिंजरा तोलचक्रासकट तरफेची सारी यंत्रणा सावकाश फिरवतो, जेणेकरून खिशात सदैव उभ्या राहणाऱ्या घड्याळात गुरुत्वाकर्षणाने होणारी चूक सर्व बाजूंना वाटली जाऊन फिटावी. मनगट स्वतःच दिवसभर फिरत असते; तिथे हा पिंजरा मुख्यतः दिमाखासाठी उरला आहे.

हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना काढला आणि तिचे ‘जनता’ घराघरांत, बहुतेक लग्नाच्या आहेरातून, पोहोचले. त्यात पिंजरा नाही, लखलखीत कडाही नाहीत. पण कमान, पाचाच्या ठेक्यात चालणारे तोलचक्र, तरफ आणि सतरा माणके तत्त्वतः तीच आहेत. तेल वाळले की ती खोलून धुता येतात आणि टाचणीच्या टोकाएवढे नवे तेल घालून पुन्हा चालती करता येतात. २०१६ साली केंद्र सरकारने हा घड्याळ-विभाग बंद करण्यास मंजुरी दिली; त्यामुळे आता एका जनतेचा सुटा भाग बहुधा दुसऱ्या जनतेतूनच काढावा लागतो.

असे एखादे घड्याळ घरात असेल, तर ते रोज ठरावीक वेळी किल्ली देऊन आकाशवाणीच्या वेळेशी ताडून पाहावे, आणि रात्री एकदा तबकडी वर करून, एकदा उलटे, एकदा किल्ली वर किंवा खाली येईल असे उभे ठेवून सकाळी किती सेकंदांचा फरक पडला त्याची नोंद करावी. पडून असताना तोलचक्राचा आस टोकावर फिरतो, उभे असताना कुशीवर घासतो, म्हणून प्रत्येक ठेवणीचा आकडा निराळा येतो. आणि दिवसभर मनगटावर जेवढे सेकंद पुढे गेले तेवढे रात्री मागे पडतील अशी ठेवण त्या नोंदीतून सापडली, तर झाकण न उघडताही त्याचा हिशेब बराचसा जुळतो.