शालेय खेळाडूची पात्रता : जन्मतारीख आणि बक्षिसाची रक्कम



शालेय क्रीडा स्पर्धांचे फॉर्म भरायला सुरुवात झाली की माझ्या खोलीत दोन तऱ्हेचे पालक येतात. एक विचारतात, "सर, आमच्या मुलाचं नाव यादीत का नाही?" दुसरे जरा हळू आवाजात विचारतात, "सर, तारीख थोडी पुढे नाही का करता येणार?" यंदाही असे एक गृहस्थ आले. मुलगा चांगला धावतो, सतरा वर्षांखालील गटात नक्की पदक आणील, फक्त तीन महिन्यांनी मोठा आहे. "सगळेच करतात, सर," असे ते म्हणाले. मी नाही म्हटले. वाईट एवढेच वाटले की मुलगा दाराबाहेरच उभा होता आणि त्याने सगळे ऐकले असावे.

हे नियम आहेत तरी काय आणि कशासाठी, ते एकदा नीट लिहून काढावे असे त्या दिवशी ठरवले.

आपल्या शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे तीन गट असतात. वय स्पर्धेच्या दिवशीचे नव्हे, तर त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचे धरतात. उदाहरणार्थ, २०२५-२६ च्या सत्रात १४ वर्षांखालील गटासाठी जन्म १ जानेवारी २०१२ किंवा त्यानंतरचा हवा होता. म्हणजे ३१ डिसेंबर २०११ ला जन्मलेला मुलगा बाहेर आणि दुसऱ्या दिवशी जन्मलेला आत. पालकांना हा अन्याय वाटतो. पण रेघ कुठेही ओढली तरी तिच्या दोन्ही बाजूंना कोणीतरी उभे असणारच. खरा अन्याय आणखी वेगळा आहे. एकाच गटात जानेवारीचा मुलगा आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरचा मुलगा एकत्र खेळतात, आणि त्या वयात अकरा महिन्यांनी उंची-वजनात बराच फरक पडतो. कॅनडातल्या आइस हॉकीच्या खेळाडूंवर १९८५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वरच्या पातळीवर पोहोचलेल्यांत वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेले फार जास्त होते. कारण सोपे आहे. थोडा मोठा म्हणून निवड होते, निवड झाली म्हणून चांगला प्रशिक्षक मिळतो, आणि पुढे तो खरोखरच चांगला खेळू लागतो. अकरा महिन्यांनी एवढे होते, तर कागदावर दोन वर्षे लपवलेला मुलगा मैदानात उतरला की समोरच्या लहानग्याचे काय होत असेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

वयाशिवाय मुलगा त्या शाळेचा खरोखर नियमित विद्यार्थी असावा, ही दुसरी अट. स्पर्धेच्या तोंडावर टीसी आणून नाव चढवायचे आणि स्पर्धा संपली की परत न्यायचे, असले प्रवेश आपल्या शाळेत होत नाहीत. विश्वस्त मंडळींकडे कोणी अशी शिफारस घेऊन आले, तर कृपया माझ्याकडे पाठवावे, नकार मी देईन.

आता एक जुनी गोष्ट, माझ्याच चुकीची. तेव्हा मी दुसऱ्या एका शाळेत नवा शिक्षक होतो आणि कबड्डीचा संघ घेऊन संभागीय स्पर्धेला गेलो होतो. उपांत्य सामना जिंकलो आणि समोरच्या संघाने आक्षेप घेतला. आमच्या एका मुलाच्या अंकसूचीवर एक जन्मतिथी, नगरपालिकेच्या दाखल्यावर दुसरी. लबाडी कोणाचीच नव्हती. पहिलीत नाव घालताना आजोबांनी अंदाजाने वर्ष सांगितले, बाबूंनी १ जुलै लिहून टाकले. (आमच्या पिढीत १ जुलैला जन्मलेले इतके लोक का, हे कोडे इथेच सुटते. शाळा जुलैत उघडत असे.) खरी तारीख पाहिली तर मुलगा चार महिन्यांनी मोठा निघाला. संघ बाद झाला. बारा मुलांपैकी अकरा जणांचे कागद चोख होते, पण परतीच्या बसमध्ये बाराही जण गप्प बसून होते. निघण्यापूर्वी दोन कागद शेजारी ठेवून पाहायचे काम माझे होते, ते मी केले नव्हते.

एकाच्या तारखेसाठी सगळ्या संघाने किंमत मोजण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. २००१ साली बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या 'लिटल लीग' बेसबॉल स्पर्धेत न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला डॅनी आल्मोंटे नावाचा मुलगा अशी काही गोलंदाजी करू लागला की देशभर त्याचे नाव झाले. संघ तिसरा आला, शहराने सत्कार केला. काही दिवसांतच डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या जन्मनोंदणीवरून कळले की त्याचा जन्म १९८९ चा नसून १९८७ चा आहे, म्हणजे तो चौदा वर्षांचा होता. संघाचे सगळे विजय रद्द झाले. दोष मोठ्यांचा, मुलाला त्यांनी वापरून घेतले, असेच लिटल लीगच्या अध्यक्षांनीही म्हटले.

आपल्या देशातही हा रोग लहान नाही. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०१० साली वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता काढली. क्रिकेट मंडळाने २०२० मध्ये खेळाडूंना संधी दिली की चुकीची तारीख आपण होऊन कबूल करा, कारवाई होणार नाही. लपवून पकडले गेलात तर दोन वर्षे बंदी. संशय असला तर डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढतात. वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळ कूर्चेच्या पट्ट्या असतात, त्या हळूहळू भरत जातात. ते पाहून वयाचा अंदाज करतात. पण तो अंदाजच. लवकर वयात येणाऱ्या मुलाचे हाड वर्षभर पुढे असू शकते, आणि मग खरी तारीख सांगणारा मुलगाही अडकतो. म्हणून जन्माच्या वेळचा दाखला जपून ठेवणे सर्वांत उत्तम. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेशापासून पुढे जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा, असा कायदाच झाला आहे.

राहुल द्रविड यांचा जन्म आपल्या इंदूरचा, १९७३ चा, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांनी डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीत पतौडी स्मृती व्याख्यानात हाच विषय काढला होता. आईवडील आणि प्रशिक्षकच खोटा दाखला करताना मूल पाहते, तेव्हा ते फसवणे शिकणार नाही का, असा त्यांचा प्रश्न होता. दाराबाहेर उभा असलेला तो मुलगा मला म्हणूनच आठवत राहतो.

आता बक्षिसाच्या पैशांविषयी. एका माजी पालकांचा नातू अमेरिकेत हायस्कुलात टेनिस खेळतो. "स्पर्धेत पैसे मिळाले तर तो शाळेच्या संघातून बाद होईल म्हणतात, हे काय प्रकरण आहे?" असे त्यांनी विचारले. हे प्रकरण 'हौशी खेळाडू' या जुन्या कल्पनेचे आहे. खेळ आनंदासाठी, पैशासाठी नव्हे. ज्याने खेळून पैसे घेतले तो हौशी उरला नाही.

या नियमाची सर्वांत कडू गोष्ट जिम थॉर्पची. अमेरिकेतल्या मूळनिवासी समाजातला हा तरुण १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांत पहिला आला. पुढच्या जानेवारीत एका वर्तमानपत्राने छापले की १९०९ आणि १९१० च्या मोसमांत तो थोड्या पैशांवर लहानशा संघातून बेसबॉल खेळला होता. तसे त्या काळी पुष्कळ कॉलेजचे विद्यार्थी खेळत, पण खोट्या नावाने. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला आणि सापडला. आक्षेप ऑलिंपिक संपल्यापासून तीस दिवसांत घ्यायचा, असा नियम होता. तो इथे कोणी पाहिला नाही. पदके काढून घेतली. थॉर्प १९५३ मध्ये वारला. १९८२ साली निर्णय फिरला, १९८३ मध्ये मुलांना पदकांच्या प्रतिकृती मिळाल्या, आणि एकमेव विजेता म्हणून नोंद व्हायला २०२२ उजाडले. ऑलिंपिकची मूळ अट तोवर कधीच ढिली झाली होती. व्यावसायिक खेळाडू घ्यायचे की नाही हे १९८६ मध्ये त्या त्या खेळाच्या महासंघावर सोपवले गेले.

माझे मत विचाराल तर जन्मतारखेचा नियम आणि हा नियम एका पंगतीत बसत नाहीत. पहिला लहान मुलाला वाचवतो. दुसरा पुष्कळदा घरी खायला असलेल्यांनाच परवडत असे. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला गेले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. तो प्रवासखर्च होता, कमाई नव्हे. पण ज्याच्यासाठी घर गहाण टाकणारे कोणी नाही, त्या मुलाने चार पैसे मिळवले तर त्याला अपात्र ठरवणे मला पटत नाही.

अमेरिकेत प्रत्येक राज्याची हायस्कूल क्रीडा संघटना आपापले नियम करते. वयाची मर्यादा साधारण एकोणीस, नववीपासून फक्त आठ सत्रे, शाळा बदलली तर काही काळ बाहेर, असे नियम बहुतेक ठिकाणी आहेत. टेक्सासने १९८४ मध्ये नापास विद्यार्थ्याला खेळू न देण्याचा कायदा केला; आपल्याकडे काही पालकांना तो आवडेल, मुलांना नाही. पैशांच्या बाबतीत मोठा बदल २०२१ चा. त्या जुलैपासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर आणि छायाचित्रावर जाहिरातीतून कमाईची मुभा मिळाली, आणि पुढे बहुतेक राज्यांनी ती हायस्कूलच्या मुलांनाही दिली. मात्र त्या जाहिरातीत शाळेचे नाव, बोधचिन्ह, गणवेश वापरायचा नाही, आणि सामना खेळण्याचे किंवा जिंकण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. त्या आजोबांना मी एवढेच सांगितले की रक्कम घेण्याआधी नातवाच्या शाळेच्या क्रीडा संचालकांना लेखी विचारा, कुठल्या एजंटाच्या कागदावर सही करू नका आणि खर्चाच्या पावत्या ठेवा. आपला एखादा विद्यार्थी खेळाच्या शिष्यवृत्तीवर तिकडे जाणार असेल, तर त्यालाही हेच लागू.

इथल्या मुलांनी मात्र या बाबतीत घाबरू नये. गल्लीतल्या स्पर्धेत मिळालेल्या पाचशे रुपयांमुळे कोणी शालेय संघातून बाद झालेला मी आजवर पाहिलेला नाही. बाद होतात ते तारखेमुळे.

म्हणून शाळेने यंदापासून ठरवले आहे की सहावी ते आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याची दाखल-खारिज रजिस्टरमधील जन्मतारीख पालकांना लेखी कळवली जाईल. जन्मदाखल्याशी ती जुळत नसेल, तर दाखल्याची मूळ प्रत घेऊन ऑफिसात यावे. नववीत मंडळाकडे नोंदणी झाल्यावर दुरुस्ती फार अवघड होते. खेळाडूंचे दोन्ही कागद क्रीडा शिक्षक आणि मी स्वतः शेजारी ठेवून पाहू.

त्या धावणाऱ्या मुलाचे नाव १९ वर्षांखालील गटाच्या निवड चाचणीत घातले आहे. त्या यादीत तो सर्वांत लहान आहे. चाचणी येत्या शनिवारी सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानावर होईल.