जुने घर मुसाफिराला देताना: थोडा हिशोब

कापडाच्या धंद्यात माणसाचे अर्धे आयुष्य परगावी जाते. अहमदाबाद, सुरत, मालेगाव अशी फेरी करताना आम्ही वर्षानुवर्षे बाजाराजवळच्या लॉजमध्ये उतरत आलो. एकदा मात्र अहमदाबादच्या पोळीतल्या एका जुन्या घरात राहण्याचा योग आला आणि आगरदांड्याचे आमचे बंद घर डोळ्यांसमोर उभे राहिले.

त्या घराच्या मधोमध उघडा चौक होता, भोवती ओसऱ्या आणि खोल्या. दिवसा तापलेली हवा चौकातून वर निघून जाते, रात्री थंड हवा खाली उतरते. चौकाखाली पावसाच्या पाण्याचे टाके असते. पुढच्या भागात व्यापाऱ्याची पेढी, आत कुटुंब. म्हणजे परका माणूस घरी उतरला तरी घरातल्या बायकांची अडचण होत नसे. ही सोय मुसाफिरासाठी नवी नाही. काहिरात सुलतान अल-घूरीने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली वकाला याच बेताची आहे: मध्ये चौक, खाली माल, वर व्यापाऱ्यांच्या खोल्या. मोरोक्कोतल्या मराकेश शहरात तर अशी कितीतरी घरे आज मुसाफिरखाने झाली आहेत. अहमदाबादेत सिदी सय्यद मशिदीसमोर मंगळदास गिरधरदास या कापड उद्योजकाचे 1924 चे घर आता हॉटेल म्हणून चालते. मशीद 1572-73 ची, एका हबशी सरदाराची. जंजिऱ्याच्या मुलखातल्या माणसाला ते नाव परके वाटत नाही!

आता आपल्याकडचे पाहू. कोकणात पाऊस मोठा, म्हणून घराच्या पोटात चौक क्वचित. अंगण पुढे, मग ओटी, पडवी, माजघर, वर माडी. आगरदांडा ते दिघी जंगलबोट मोटारी घेऊन जाते, शेजारी राजपुरीहून लोक जंजिरा पाहायला जातात, म्हणजे मुसाफिर दारावरून जातोच. पण घरवाले मुंबईत नाहीतर आखातात, आणि घराला कुलूप. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आमच्या माडीची कौले उडाली. कोणी राहत नसल्याने पाणी दोन पावसाळे आत पडत राहिले. धाकटा भाऊ म्हणाला, पत्रा टाकून विकून टाकू.

विकण्याआधी हिशोब करावा, म्हणून मी कागद घेऊन बसलो. समजा दोन खोल्या, दिवसाला दीड हजार भाडे, वर्षात 90 रात्री पाहुणे. जमा 2,70,000 रुपये. यातून राखण व झाडलोट करणाऱ्याचा पगार, वीज, घरपट्टी आणि दरवर्षीची कौलांची शाकारणी जाईल. पहिली काही वर्षे उरलेली रक्कम दुरुस्तीच फेडेल. नफ्याच्या आशेने यात पडू नये. घर उभे राहील आणि आपला खर्च आपण काढील, एवढेच धरावे.

चादरींविषयी मात्र माझे ऐका. दर पलंगाला तीन जोड हवेत: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. कापड सुती आणि पांढरे घ्यावे. रंगीत चादर खाऱ्या हवेत व उन्हात लवकर विटते आणि डाग लपवते म्हणून पाहुण्याला तिचा संशय येतो.

कायद्याचे म्हणाल, तर केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत 1 ते 6 खोल्यांना मान्यता मिळते, पण मालकाचे कुटुंब तिथे राहायला हवे. कुलूपबंद घरांची खरी अडचण हीच. किनारपट्टीच्या 2019 च्या अधिसूचनेने स्थानिकांना घरात पाहुणे ठेवण्याची मुभा दिली आहे, मात्र जोते, रचना व दर्शनी भाग बदलता येत नाही. परदेशी पाहुणा उतरला तर 24 तासांत कळवावे लागते. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण आपली पेढी त्याच पॅनवर नोंदलेली असेल तर हे उत्पन्नही तिच्यातच मोजले जाते. व्यापारी बंधू इथेच चुकतात.

सर्वांत अवघड गोष्ट वारसांची. आम्ही तीन भाऊ, दोन बहिणी. आई-वडील हयात नाहीत. म्हणजे आठ हिस्से: प्रत्येक भावाचे दोन, प्रत्येक बहिणीचा एक. बहिणींना विचारायचे कोणाच्या ध्यानातही नव्हते. थोरल्या आपाला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "माझी सही आधी घे, मग कौले चढव." पाचही जणांच्या सह्यांचा कागद झाला, त्यात खर्चाचा आणि भाड्याचा वाटा लिहिला. राहायला धाकटी बहीण तयार आहे, तिच्या मुलांची शाळा मे महिन्यात संपली की ती येईल. तोवर कौले पावसाआधी चढायला हवीत आणि सुतार अजून तारीख देत नाही.