हजर आहे, पण मस्टरवर नाव नाही

ज्याची हयात जिनिंग-प्रेसिंगच्या फाटकांवर सभा घेण्यात गेली, त्याने वसंत व्याख्यानमालेत संगणकावर का बोलावे, असा प्रश्न भडगावच्या श्रोत्यांच्या मनात आला तर आम्हांस त्याचे नवल वाटणार नाही. आमचे शाळेतले शिक्षण नववीला थांबले. पुढे जे शिकलो ते वाचनालयात, कायद्याच्या पुस्तकांत आणि कामगारांच्या भांडणांत. संगणक आमच्या कचेरीत आला तो टंकलेखन यंत्राच्या जागी, आणि पुष्कळ दिवस त्याने तेवढेच काम केले. त्याच्या पोटात काय चालते याची चौकशी करण्याची पाळी आमच्यावर एका शनिवारी आली.

एका कारखान्यात (नाव येथे नको) चाळीस-पन्नास कामगारांच्या जादा तासांच्या मजुरीचा वाद चालू होता. हजेरी अंगठ्याच्या यंत्रावर होत असे. त्या यंत्रातून निघालेल्या तीन वर्षांच्या फाइली आमच्या हाती आल्या होत्या. हजारो ओळी, प्रत्येकीत कामगाराचा क्रमांक, तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ. यातून प्रत्येकाचे जादा तास काढून सोमवारी तक्ता दाखल करावयाचा होता. न केला तर पुढची तारीख; आणि जिनिंगच्या धंद्यात पुढची तारीख म्हणजे हंगाम सरून माणसे आपापल्या गावी पांगल्यानंतरची तारीख. मग साक्षीला कोण येणार?

त्यांतल्याच एका कामगाराचा मुलगा जळगावला अभियांत्रिकीला आहे. त्याने हा हिशेब करणारा लहानसा प्रोग्रॅम पायथन नावाच्या संगणकीय भाषेत लिहिला होता, आणि कॉलेजच्या संगणकावर तो चाललाही होता. शनिवारी सकाळी तो कचेरीत आला. आमच्या विंडोजच्या संगणकावर त्याने पायथन उतरवून घेतले, बसविले, ‘बसविण्याचे काम यशस्वी झाले’ असा निरोपही पडद्यावर आला. मग कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे टाइप करून हुकूम देण्याची काळी खिडकी, उघडून त्याने ‘पायथन’ हा शब्द टाइप केला. (हे सारे हुकूम रोमन अक्षरांत टाइप करावयाचे असतात; येथे वाचनाच्या सोयीसाठी नागरीत देतो.) तर झाले काय? पायथन सुरू होण्याऐवजी मायक्रोसॉफ्टचे दुकान उघडले आणि ‘पायथन घ्या’ म्हणू लागले! जोडीचा ‘पिप’ हा हुकूम दिला, तर उत्तर आले की हा शब्द अंतर्गत वा बाह्य हुकूम, चालविण्याजोगा प्रोग्रॅम किंवा बॅच फाइल म्हणून ओळखता येत नाही.

मुलाने सारे काढून टाकले आणि पुन्हा बसविले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बसविले. दिवेलागणीला तो म्हणाला, “आप्पा, मला नाही जमत. कॉलेजात सगळं आधीच बसवलेलं असतं, म्हणून चालतं.”

हे वाक्य आम्ही दुसऱ्या वेषात शेकडो वेळा ऐकलेले आहे. खिडकीवरचा कारकून ‘तुमचे नाव नाही’ म्हणतो, आणि वीस वर्षे राबलेला माणूस आपलेच काही चुकले असे समजून घरी जातो. मुलाचे वडील दाराशी बसले होते. आम्ही त्यांना सांगितले की सामान यंत्रात आहे असे यंत्रच म्हणते आणि ओळखत नाही असेही तेच म्हणते. त्यावर ते आपल्या अहिराणीत म्हणाले, “माणूस ते शे, पन मस्टरवर नाव नही.”

नेमके तेच आहे. आपण हुकमाचा एक शब्द टाइप करतो, तेव्हा संगणक सारी डिस्क धुंडाळीत नाही. तेवढा वेळ त्याला नसतो. त्याच्यापाशी कप्प्यांची एक यादी असते. तिला ‘पाथ’ म्हणतात. यादीतला पहिला कप्पा उघडून त्या नावाचा प्रोग्रॅम आहे का ते तो पाहतो, नसल्यास दुसरा, मग तिसरा. जेथे प्रथम सापडेल तेथे थांबतो. यादी संपली की ‘ओळखता येत नाही’ म्हणून मोकळा होतो. यादीत नसलेल्या कप्प्यात तोच प्रोग्रॅम धडधाकट बसलेला असला तरी त्याची वास्तपुस्त होत नाही. तेव्हा ‘सापडत नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा नसून ‘मी जेथे जेथे पाहिले तेथे नाही’ एवढाच आहे. ही युक्ती जुनीच आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्स प्रणालीची सातवी आवृत्ती १९७९ साली निघाली. तिच्याबरोबर स्टीफन बॉर्न यांचा शेल, म्हणजे हुकूम वाचून अंमलात आणणारा कार्यक्रम, आला. आजच्या लिनक्सचा व मॅकचा पाथ त्याच वळणाचा आहे. तेथे कप्प्यांची नावे अपूर्णविरामाने (:) तोडतात, विंडोजमध्ये अर्धविरामाने (;), इतकाच फरक.

एवढे ध्यानात आल्यावर चौकशीचा क्रम आपोआप ठरतो. पहिला प्रश्न: माणूस कारखान्यात खरोखर आहे काय? विंडोजवर पायथनबरोबर ‘पीवाय’ नावाचा एक मदतनीसही बसतो. २०१२ साली निघालेल्या पायथन ३.३ पासून तो आहे, आणि तो पाथवर अवलंबून न राहता बसविलेली पायथने स्वतः हुडकतो. आम्ही ‘पीवाय’ टाइप करून पुढे एक आडवी रेघ, शून्य आणि ‘पी’ हे अक्षर दिले. तत्काळ उत्तर आले: पायथन आहे, आणि वापरणाऱ्याच्या खात्यातील ‘ॲपडेटा’ या कप्प्याच्या पोटात अमुक ठिकाणी आहे. हा ॲपडेटा कप्पा विंडोज एरवी लपवूनच ठेवते, म्हणून सबंध दिवस तो आमच्या नजरेला पडला नव्हता.

दुसरा प्रश्न: मग यादीत कोण आहे? ‘एको’ म्हणून पुढे टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ‘पाथ’ लिहिले की सारी यादी पडद्यावर येते. ‘व्हेअर पायथन’ म्हटले की यादीप्रमाणे कोणता पायथन सापडतो ते कळते. येथे एक खोच आहे. हीच विचारणा पॉवरशेल नावाच्या निळ्या खिडकीत केली तर काहीच उत्तर येत नाही, कारण तेथे ‘व्हेअर’ या शब्दाचा अर्थच निराळा आहे; तेथे ‘व्हेअर डॉट ईएक्सई’ असे पूर्ण नाव घ्यावे लागते. आमच्या यादीत पायथनचा खरा कप्पा नव्हता. ‘विंडोजॲप्स’ नावाचा कप्पा मात्र होता, आणि त्यात पायथन याच नावाचा एक तोतया बसला होता. विंडोज १० च्या मे २०१९ च्या सुधारणेपासून मायक्रोसॉफ्टने तो ठेवला आहे. त्याचे काम एवढेच, की पायथन कोणी मागितला की दुकान उघडावे. दुकानाचे कोडे असे सुटले.

मग दोष कोणाचा? पायथनच्या विंडोजवरील नेहमीच्या इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर, अगदी तळाशी, ‘पाथमध्ये जोडा’ अशा अर्थाचा एक चौकोन असतो आणि तो मुळात रिकामा असतो. त्यावर खूण केल्यावाचून पुढे गेल्यास सामान बसते, पण नाव यादीत चढत नाही. मुलाने तीन वेळा बसविले आणि तीनही वेळा तो चौकोन तसाच सुटला. दुसऱ्याच्या यादीत विचारल्याशिवाय ढवळाढवळ करू नये, म्हणून चौकोन रिकामा ठेवतात, असे समर्थन केले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. तथापि शेवटच्या पडद्यावर ‘यशस्वी’ म्हणताना ‘मात्र नाव यादीत चढविलेले नाही’ एवढे एक वाक्य अधिक घातले असते, तर भडगावच्या एका मुलाचा शनिवार वाचला असता. पगारपत्रकावरही नेमके असेच एक वाक्य गाळलेले असते, हा आमचा अनुभव.

आम्ही विंडोजच्या सेटिंगमधील ‘एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्स’ या पाटीखाली गेलो. तेथे याद्या दोन: एक साऱ्या यंत्राची, दुसरी वापरणाऱ्या एकट्याची, यंत्राची आधी वाचली जाते. आपल्या यादीत दोन कप्पे घातले: एक पायथनचा, दुसरा त्याच्याच पोटातील ‘स्क्रिप्ट्स’ हा, कारण पिप तेथे राहतो. दोन्ही विंडोजॲप्सच्या वर सरकविले. खाली ठेवले असते तर तोतया पुन्हा आधी भेटला असता.

तरीही काळी खिडकी ‘ओळखत नाही’च म्हणत राहिली! मुलाने कपाळाला हात लावला. कारण साधे होते. खिडकी उघडते त्या क्षणी तिला यादीची एक नक्कल मिळते आणि मरेपर्यंत ती तीच वाचते. मूळ यादी नंतर बदलली तर तिला त्याचा पत्ता नसतो. खिडकी बंद करून नवी उघडली आणि पायथन हजर झाला. प्रोग्रॅम लिहिण्याच्या एखाद्या मोठ्या संपादकातली खिडकी असेल, तर तो सबंध संपादक बंद करून उघडावा लागतो; नक्कल त्याच्याकडून वारशाने आलेली असते.

लिनक्सवर गोष्ट थोडी निराळी असते. तेथे पुष्कळदा नावच बदललेले असते. पायथनच्या दुसऱ्या पिढीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी संपली. उबुंटूवर आज ‘पायथन३’ असे म्हणावे लागते, नुसते पायथन म्हटल्यास ‘कमांड सापडली नाही’. ‘बॅट’ नावाचा फाइल दाखविणारा प्रोग्रॅम डेबियनवर व उबुंटूवर बसविला तर तो ‘बॅटकॅट’ या नावाने वावरतो, कारण बॅट हे नाव दुसऱ्याने आधीच घेतलेले होते. एका गावात एका नावाचे दोन गडी असले की मुकादम करतो तेच हे. शिवाय उबुंटूवर घरच्या खात्यातला ‘डॉट लोकल’मधील ‘बिन’ हा कप्पा यादीत जातो तो खात्यात प्रवेश करताना, आणि तोही तेव्हा तो अस्तित्वात असेल तरच. म्हणून त्यात पहिलेच हत्यार पडले असेल तर एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा. आणि उत्तर ‘परवानगी नाही’ असे असेल, तर तो आजार वेगळा. तेथे माणूस सापडलेला आहे, फाटक बंद आहे. लिनक्सचा शेल या दोहोंसाठी आकडेही वेगळे देतो, न सापडल्यास १२७ आणि सापडूनही चालविता न आल्यास १२६.

एक धोक्याची सूचना देणे अवश्य आहे. यादी दुरुस्त करण्यासाठी विंडोजवर ‘सेटएक्स’ हा हुकूम पुष्कळ जण सुचवितात. तो १०२४ अक्षरांपुढचा मजकूर कापून टाकतो. लांब यादी त्याच्या हाती दिली, तर एक नाव चढविताना शेवटची दहा नावे उडावयाची. आम्ही तर यादीला हात लावण्यापूर्वी तिची प्रत एका फाइलीत उतरवून ठेवली. जुन्या मस्टरची नक्कल घेतल्यावाचून नव्यावर सही करू नये, ही आमची फाटकावरची सवय येथेही कामी आली.

रात्री नऊच्या सुमारास प्रोग्रॅम चालला. रविवारी आम्ही दोघांनी बारा कामगारांचे तास हातांनी मोजून तक्त्याशी ताडून पाहिले. एकाचे जुळेना. तो रात्रपाळीचा होता. आत गेल्याची तारीख एक आणि बाहेर पडल्याची दुसरी. मुलाने दोन ओळी बदलल्या, सारा हिशेब पुन्हा काढला, आणि सोमवारी साडेदहाला तक्ता दाखल झाला. निकाल अजून व्हावयाचा आहे.